माळरान राखायचे, तर कोरडवाहू शेतकऱ्याचा हिशेबही मांडा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणे आणि पशुपालकांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले आहे. त्यानिमित्त शहरांतून व्याख्याने आणि छायाचित्रांची प्रदर्शने होतील, आणि ती व्हावीतही. मात्र ही कुरणे ज्या सोलापूर, अहिल्यानगर, सांगली, सातारा आणि पुण्याच्या पूर्व भागात प्रत्यक्ष आहेत, तेथे त्या जमिनींचे पुढे काय करायचे याचे निर्णय महसूल, वन, ऊर्जा आणि कृषी अशा वेगवेगळ्या खात्यांत, बहुतेक वेळा एकमेकांना न विचारता होत आहेत. त्या निर्णयांत ना शेतकरी आहे, ना मेंढपाळ. मी उत्तर सोलापूर तालुक्यातला कोरडवाहू शेतकरी आहे. आमच्या गटाच्या वरच्या टोकाला मुरमाड माळ आहे, तो सातबाऱ्यावर पोटखराब, म्हणजे लागवडीस अयोग्य, म्हणून लागलेला आहे आणि त्याला लागूनच गावचे गायरान आहे. अशा जमिनींविषयी आपल्या स्तंभातून दोन शब्द मांडावेत म्हणून हे पत्र लिहीत आहे.

ज्यांनी हा प्रदेश उन्हाळ्यात रेल्वेच्या खिडकीतून पाहिला असेल, त्यांना तो ओसाड वाटणे स्वाभाविक आहे. वर्षाला साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस, तोही लहरी, आणि जमिनीत वीतभर मातीखाली मुरूम, अशा ठिकाणी दाट जंगल मुळात उभे राहत नाही. तेथे गवतच राहते आणि तेच तेथले खरे धन आहे. पावसाच्या तोंडावर माळटिटवी मुरमाच्या खड्यांतच अंडी घालते, आणि अंड्याचा रंग व खड्याचा रंग इतका मिळताजुळता असतो की पाय पडायची वेळ आली तरी ती दिसत नाहीत. भाद्रपदात पवना, मारवेल आणि कुसळी गुडघ्याला लागतात. दिवाळीनंतर तेच गवत वाळून पिवळे पडते आणि कुसळे धोतराला, पायताणाला, मेंढ्यांच्या लोकरीला चिकटून चार गावे पुढे जातात. हिवाळ्यात परदेशातून आलेले भोवत्या पक्षी दिवसभर ज्वारीच्या रानावर घिरट्या घालून नाकतोडे टिपतात आणि रात्री माळावरच्या गवतात, थेट जमिनीवर, एकत्र मुक्काम करतात. खोकड, लांडगा, काळवीट, धाविक आणि चंडोल ही सगळी याच उघड्या रानाची वस्ती आहे. माळढोक तर हंगामाला बहुधा एकच अंडे घालतो, तेही घरटे न करता उघड्या जमिनीवर, आणि चहूकडे लांबवर नजर पोहोचेल अशीच जागा निवडतो. त्याच्यासाठी भोवती झाडे लावणे म्हणजे त्याला तेथून उठवणे होय.

तरीही देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशात अशा माळांचा मोठा हिस्सा झुडपी किंवा निकृष्ट जमीन म्हणूनच रंगवला जातो. केंद्र सरकारने २०१९ साली दिल्लीजवळ भरलेल्या वाळवंटीकरणविरोधी जागतिक परिषदेला जी आकडेवारी दिली, तीनुसार देशातील गवताळ जमीन २००५ ते २०१५ या दहा वर्षांत सुमारे १८० लाख हेक्टरवरून १२३ लाख हेक्टरवर आली. जवळपास तिसरा हिस्सा गेला. एवढे जंगल गेले असते तर देशात काहूर माजले असते. गवत गेल्याचे मात्र फारसे कोणाच्या ध्यानातही आले नाही, कारण कागदोपत्री तेथे काही नव्हतेच.

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. शेती एका बाजूला आणि निसर्ग दुसऱ्या बाजूला अशी जी मांडणी वर्तमानपत्रांतून नेहमी होते, ती आमच्या भागाला लागू पडत नाही. आमची जिरायती शेती आणि माळ एकमेकांच्या आधारानेच चालत आले आहेत. धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढ्यांसह फिरणारे तळ, फिरतीवर असताना शेतकरी त्यांना आपल्या रानात मेंढ्या बसवायला बोलावतो. रात्री वाघर (जाळीचे कुंपण) लावून मेंढ्या एका पट्ट्यात कोंडायच्या, दुसऱ्या रात्री वाघर पुढच्या पट्ट्यात सरकवायची, म्हणजे लेंडी आणि मूत सबंध रानात सारखे पडते. त्याच्या बदल्यात शेतकरी ज्वारी देतो किंवा रोख देतो, आणि ही बोली मेंढ्यांच्या संख्येवर व रात्रींवर ठरते. मेंढ्यांचे पोट माळ भरतो, त्यांच्या खतावर रान पिकते, पिकाचा कडबा पुन्हा जनावरांना जातो. शाळू (रब्बी ज्वारी), करडई आणि हरभरा यांच्या मोकळ्या रानांत काळवीट आणि माळढोकही चरत. सोलापुरातील कोरडवाहू संशोधन केंद्रात १९३० च्या दशकापासून ज्या शेतीचा अभ्यास झाला, ती हीच शेती, म्हणजे कमी पावसात ओल धरून ठेवणारी.

मग हे बिघडले कोठे? याचे उत्तर देताना माळढोक अभयारण्याचा इतिहास टाळून चालणार नाही. १९७९ साली हे अभयारण्य जाहीर झाले, तेव्हा त्याचे क्षेत्र सुमारे ८,५०० चौरस किलोमीटर होते. करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर सोलापूर, कर्जत, श्रीगोंदा अशा तालुक्यांचा मोठा भाग त्यात आला. यातली बहुतांश जमीन वनखात्याची नव्हती, ती शेतकऱ्यांच्या नावावर होती, आणि गावे व शहरेही त्याच हद्दीत होती. जमिनीच्या व्यवहारापासून मुरूम उचलण्यापर्यंत प्रत्येक गोष्टीत अभयारण्याची आडकाठी येऊ लागल्यावर, ज्या पक्ष्याला आमच्या आज्या-पणज्यांनी रानात सहज पाहिले होते, त्याच पक्ष्याचे नाव काढले की लोक तोंड फिरवू लागले. पुढे न्यायालयापर्यंत जाऊन हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत कमी करण्यात आले. लोकांना दिलासा मिळाला, हे खरे आहे. पण वगळलेल्या सात हजारांहून अधिक चौरस किलोमीटरमध्ये जो माळ होता, त्याच्यासाठी दुसरी कोणतीही सोय कोणी केली नाही. आधी सगळ्यांवर सरसकट बंधन घातले आणि नंतर सगळेच वाऱ्यावर सोडले. शेतकऱ्याला माळ राखण्यासाठी काही मोबदला द्यावा, हा विचार दोन्ही वेळी कोणाच्या मनाला शिवला नाही. आज या अभयारण्यातल्या नान्नजच्या परिसरात एखादा माळढोक दिसला तरी त्याची बातमी होते, आणि देशात उरलेले दीडशेच्या आत-बाहेरचे पक्षी मुख्यतः राजस्थानात आहेत.

मधल्या काळात शेतीनेही कूस बदलली. उजनीचे पाणी आले, उसाने कालव्याखालचे रान व्यापले आणि साखर कारखान्यांच्या संख्येत आमचा जिल्हा राज्यात आघाडीवर गेला. कृषी मूल्य आयोगाने आपल्या अहवालात नोंदवले आहे की राज्याच्या लागवडीखालील क्षेत्राच्या चार टक्क्यांहून कमी जागेवर असलेला ऊस सिंचनाचे सुमारे ७० टक्के पाणी घेतो. यावर शहरातील मंडळी शेतकऱ्याला बोल लावतात, तेव्हा मला त्यांना विचारावेसे वाटते की उसाला एफआरपी (रास्त व किफायतशीर दर) कायद्याने बांधलेली आहे, ज्वारीला काय आहे? ज्वारीचा हमीभाव जाहीर होतो तो खरीप पिकांच्या यादीत, आमचा शाळू निघतो फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि त्या वेळी खरेदी केंद्र उघडे असेलच याचा भरवसा नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले, २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरेही झाले. काढणीला मजूर मिळत नाही म्हणून शाळू मोडून ऊस लावणाऱ्याला त्याचा काही उपयोग झाला नाही. शिवाय उसाबरोबर बिबट्याही आला. डिसेंबर २०२० मध्ये करमाळ्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे मारली गेली, ते जिल्हा विसरलेला नाही.

कालव्याचे पाणी जेथे पोहोचले नाही, तेथे माळावर नांगर फिरला तो वेगळ्या कारणाने. डाळिंबाला हलकी, निचऱ्याची, मुरमाड जमीन मानवते, त्यामुळे सांगोला, आटपाडी आणि माळशिरस भागांत एकेकाळी कोणी विचारत नव्हते अशा माळाला भाव आला. जेसीबीने उंचवटे काढायचे, दगड वेचून बांधाला लावायचे, तलावातला गाळ आणून पसरायचा आणि ठिबक टाकायचे, असा तो क्रम होता. २०१७ पासूनच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेने तलावांची साठवण वाढली आणि हलक्या रानांना माती मिळाली, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र तो गाळ कोणत्या रानावर पडतो, पिकत्या हलक्या रानावर की आजवर कधीच न नांगरलेल्या माळावर, हे बघण्याची तरतूद असती तर बरे झाले असते. सोलापूरच्या डाळिंबानेही भौगोलिक मानांकन मिळवले आणि कित्येक कुटुंबे त्यावर उभी राहिली. नंतर तेल्या रोग आला, मर रोग आला, खोडाला भोके पाडणारी कीड आली, आणि बागाच्या बागा उपटाव्या लागल्या. आज त्या रिकाम्या बागांतून फिरताना दिसते ते गाजर गवत आणि तरवड, मध्ये ठिबकच्या नळ्यांचे तुकडे आणि फाटलेला शेततळ्याचा प्लास्टिक कागद. पवना आणि मारवेल तेथे परतलेले नाहीत, कारण ज्या थरात त्यांची मुळे होती तो थरच उलटापालटा झाला आहे. माळ एकदा फोडला की शेती सोडून दिल्यानेही तो सहजासहजी परत येत नाही. म्हणून जो अजून नांगराखाली गेलेला नाही, त्याची किंमत जास्त आहे.

या सगळ्यात सातबाऱ्याचाही वाटा आहे, ज्याची चर्चा अभ्यासकांच्या लेखांत क्वचितच येते. पोटखराब क्षेत्रावर पीककर्ज मिळत नाही, पीकविमा नाही, अतिवृष्टीची मदत नाही, आणि रस्त्यासाठी जमीन संपादित झाली तर त्या तुकड्याचा मोबदलाही हात आखडता घेऊनच ठरतो. पोटखराब वर्ग ‘अ’ची जमीन लागवडीखाली आणली तर तशी नोंद करून घेण्याची वाट सरकारने २०१८ मध्ये मोकळी केली. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा निर्णय न्याय्य होता, हे मी जबाबदारीने म्हणतो. पण त्याचा अर्थ प्रत्यक्षात असा झाला की माळ राखणाऱ्याच्या पदरात काहीच नाही, आणि माळ फोडणाऱ्याला कर्ज, विमा आणि मदत या तिन्ही गोष्टी. राज्यातले सरासरी धारणक्षेत्र २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार १.३४ हेक्टर आहे. एवढ्याशा जमिनीतला एक एकर चंडोल आणि खोकडासाठी तसाच सोडा, असे त्या शेतकऱ्याला फुकट सांगण्याचा अधिकार कोणाला आहे असे मला वाटत नाही.

आता हवामानबदलाकडे वळतो, कारण माळावर सध्या जे दोन मोठे उपक्रम होऊ घातले आहेत, ते दोन्ही हवामानाच्याच नावाने आहेत. पहिला वृक्षलागवडीचा. २०१६ ते २०१९ या काळात राज्याने २ कोटी, ४ कोटी, १३ कोटी आणि ३३ कोटी अशा चढत्या उद्दिष्टांनी झाडे लावण्याची मोहीम राबवली. एवढ्या झाडांना जागा लागते, आणि जंगलात जागा नसल्याने ती माळावर आणि गायरानावर शोधली गेली. सलग समतल चर खणले, खड्डे घेतले, गिरिपुष्पासारखी परदेशी झाडे लावली आणि पहिली दोन वर्षे टँकरने पाणी घातले. ज्या जमिनीत गवताची मुळे शतकानुशतके कार्बन साठवत आली, तीच उकरून त्यावर कार्बनसाठी झाड लावणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार आहे. झाडाचा कार्बन बराचसा जमिनीच्या वर असतो, तो वणव्यात आणि कुऱ्हाडीखाली जातो. गवताचा बहुतांश जमिनीखाली असतो आणि वरचे गवत जळाले वा चरले गेले तरी खाली टिकून राहतो. उष्ण आणि दुष्काळी प्रदेशांत हा फरक लहान नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्राच्या, झाडे लावणाऱ्याला हरित गुण देणाऱ्या ग्रीन क्रेडिट योजनेच्या पहिल्या कार्यपद्धतीत निकृष्ट जमिनीवर हेक्टरी किमान १,१०० झाडांची अट होती. पुढे ती बदलून पाच वर्षांत ४० टक्के छत्राची, म्हणजे तेवढी जमीन झाडांच्या पानोऱ्याने झाकण्याची, अट आली. आमच्या माळावर ४० टक्के छत्र आणायचे असेल तर आधी माळ संपवावा लागेल. याचा अर्थ झाडेच लावू नयेत असा कोणी घेऊ नये. ओढ्याकाठी, बांधावर, गावठाणात आणि रस्त्याकडेला बाभूळ, कडुनिंब, चिंच, बोर जरूर लावावेत, आणि बांधावरची बाभूळ तोडणाऱ्याला आम्ही गावकऱ्यांनीच अडवावे.

पाण्याच्या बाबतीतही गवताचे मोल असेच दुर्लक्षित राहिले आहे. पाणलोटाचे काम माथ्याकडून पायथ्याकडे करावे, हे कृषी खात्याचा प्रत्येक पर्यवेक्षक सांगतो, आणि आमच्याकडे माथा म्हणजे माळच. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला महापूर आला, तेव्हा नदीकाठच्या जमिनी खरवडून गेल्या, विहिरी गाळाने भरल्या आणि सोयाबीन, तूर, कांदा पाण्याखाली कुजला. इतक्या मोठ्या पुरापुढे गवत काय करणार, असा प्रश्न विचारता येईल, आणि तो पूर केवळ गवताने अडला असता असे मी म्हणत नाही. पण एरवीच्या जोरदार पावसात गवताळ माळावरून येणारा ओढा जवळपास निवळ वाहतो आणि उकरलेल्या माळावरून येणारा ओढा चहाच्या रंगाचा, हे बांधावर उभे राहून कोणालाही पाहता येते. ती वाहून जाणारी माती आमचीच असते. आणि दुष्काळाच्या वर्षी, २०१९ मध्ये सांगोला-मंगळवेढ्यात चारा छावण्या उघडाव्या लागल्या तशी वेळ आली, की गंजी लावून ठेवलेले माळाचे गवत काय कामाला येते, ते पशुपालकाला विचारावे.

दुसरा उपक्रम सौरऊर्जेचा, आणि त्याविषयी मी अधिक जपून लिहितो, कारण त्यात शेतकऱ्याचा थेट लाभ आहे. रात्री बारा वाजता मोटार चालू करायला अंधारात रानात जाणे काय असते, ते आम्हाला ठाऊक आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मधून शेतीला दिवसा वीज मिळावी, ही आमची जुनीच मागणी होती. मात्र प्रकल्पांसाठी सरकारी जागा शोधताना नजर सर्वांत आधी गायरानाकडे जाते, कारण ते एका सहीत उपलब्ध होते. गायरान कुंपणात गेले की गावातल्या भूमिहीनाची दोन शेरडे आणि फिरतीवरचा वाडा, दोघांचीही वाट बंद होते. खरे तर याच योजनेत खासगी जमीन भाड्याने दिल्यास हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये आणि दरसाल तीन टक्के वाढ अशी तरतूद आहे. उपकेंद्राजवळच्या उपटलेल्या डाळिंबाच्या बागा, कालव्याच्या अतिपाण्याने क्षारपड आणि चोपण झालेली राने, बाजार समित्यांची व कारखान्यांची छपरे या जागांना पहिली पसंती दिली, तर ज्याची जमीन आधीच नापीक झाली त्याला उत्पन्न मिळेल आणि माळही वाचेल. यासाठी नवा कायदा लागत नाही, जागा निवडण्याचा क्रम बदलावा लागतो. विजेच्या तारांना धडकून माळढोक मरतात, हा प्रश्न राजस्थान आणि गुजरातच्या संदर्भात २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला. आपल्याकडे निदान उरलेल्या गवताळ पट्ट्यांतून नव्या वाहिन्या नेताना त्याची आठवण ठेवायला हरकत नाही.

गायरान वाचवा म्हणताना एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे आदेश दिले, त्यानंतर राज्याने गायरानांविषयी धोरण कडक केले आणि २०२२ मध्ये उच्च न्यायालयातही हा विषय आला. या आदेशांचा रोख जर धनदांडग्यांच्या भूखंडांकडे राहिला तर चांगलेच आहे. पण मराठवाड्यात आणि आमच्या लगतच्या तालुक्यांत दलित व भटक्या कुटुंबांनी गायरानातला तुकडा कसून पोट भरले आहे, आणि १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पूर्वीची त्यांची वहिवाट नियमित करण्याचे मान्यही केले आहे. पक्ष्यांचे नाव पुढे करून त्यांच्यावर बुलडोझर फिरवला, तर माळढोकाच्या वेळी जे झाले तेच पुन्हा होईल, आणि या वेळी त्याचा सल अधिक खोल असेल.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की कधीही न नांगरलेल्या गवताळ माळाला महसुली दप्तरात आणि वनखात्याच्या आराखड्यात त्याची स्वतंत्र नोंद मिळावी, जेणेकरून वृक्षलागवड, सौर किंवा औद्योगिक प्रकल्प यांसाठी ‘उपलब्ध जमीन’ म्हणून तो आपोआप मोजला जाणार नाही. आणि ही नोंद खासगी पोटखराबावर असेल तर ती मालक शेतकऱ्याच्या संमतीने व्हावी आणि तिच्याबरोबर वार्षिक मोबदला यावा. हा मोबदला सौर भाड्याइतका असावा, असे मी म्हणणार नाही. मात्र तो शून्य नसावा. त्याच्या अटी साध्या असाव्यात: जमीन नांगरायची नाही, मुरूम उचलायचा नाही, गवताचे बी गळून गेल्यावरच कापणी करायची, आणि हिवाळ्यात मेंढ्यांना वाट द्यायची. चराई पूर्ण बंद करणे मला योग्य वाटत नाही. हिवरे बाजारसारख्या गावांनी चराईबंदीतून गवत वाढवून दाखवले, ते त्यांच्या बंदिस्त दुभत्या जनावरांना मानवले. परंतु सगळ्याच गावांनी तेच केले तर फिरत्या मेंढपाळाने जायचे कोठे? २००६ च्या वनहक्क कायद्याने फिरत्या पशुपालकांचा चराईचा हक्क मान्य केलेला आहे, तो आमच्या भागात कागदावरून रानात आलेला नाही.

नुकसानीचे प्रश्नही याच वेळी सोडवावे लागतील. काळविटांचा कळप उगवत्या हरभऱ्यात एक रात्र उतरला की सकाळी दुबार पेरणीचाच विचार करावा लागतो, आणि रानडुक्कर मक्याचे काय करते ते सांगायलाच नको. भरपाईची तरतूद आहे, पण अर्ज, पंचनामा आणि पैसे यांत इतका काळ जातो की अनेक जण अर्जच करत नाहीत. मेंढपाळाचे दुखणे याहून मोठे आहे. लांडग्याने कोकरू उचलून नेले तर पंचनाम्याला मृत शरीर हवे, ते मिळेपर्यंत वाडा पुढच्या गावाला गेलेला असतो, आणि मेंढपाळ त्या गावचा रहिवासीही नसल्याने कोणत्या कार्यालयात जायचे हाच पहिला प्रश्न उभा राहतो. असे असूनही पिढ्यान्‌पिढ्या धनगरांनी लांडगा संपवला नाही, ही त्यांची कामगिरी कोणत्याही अभयारण्यापेक्षा कमी नाही. वाड्याबरोबर फिरणारी, भ्रमणध्वनीवरच्या छायाचित्रावर चालणारी भरपाईची पद्धत आणणे आजच्या काळात अवघड नसावे. त्याच जोडीला गावाबाहेर फेकल्या जाणाऱ्या मेलेल्या कोंबड्यांचा बंदोबस्त ग्रामपंचायतींनी करावा; त्यावर पोसलेली मोकाट कुत्री मेंढ्याही फाडतात आणि लांडग्यांत मिसळून त्यांची जातही बिघडवतात.

इंदापूरच्या कडबनवाडीत आणि बारामतीच्या शिर्सुफळमध्ये वनखात्याने गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. चिंकारा आणि लांडगा पाहायला पर्यटक येतात, हे पाहून समाधान वाटते. पर्यटनाचे पैसे मात्र दोन-चार गावांनाच पुरतील, उरलेल्या शेकडो गावांच्या माळाला कोणी तिकीट काढून यायचे नाही. त्यांच्यासाठी ज्वारीची वेळेवर खरेदी हाच माळ राखण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय ठरेल, असे माझे मत आहे. शाळूचे रान टिकले तर कडबा टिकतो, जनावरे टिकतात, मेंढ्या बसवायला जागा राहते आणि भोवत्यांना नाकतोडे मिळतात. रेशनवर आणि शालेय पोषण आहारात सोलापूर-मंगळवेढ्याची ज्वारी स्थानिक पातळीवर घेतली, तर या साखळीसाठी सरकारी तिजोरीला फार मोठी तोशीस पडणार नाही.

जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आहे आणि तिची लोकजैवविविधता नोंदवहीही आहे. मुदत गाठण्यासाठी ती नोंदवही घाईघाईने भरली गेली असेल, तर निदान आता माळ असलेल्या गावांनी ती पुन्हा उघडावी. तलाठी, कृषी सहायक, वनरक्षक आणि त्या भागात दरवर्षी येणारे मेंढपाळ यांना एकत्र बसवून कोणता गट कधीच नांगरला गेला नाही, कोठे गवत कोणते, वाड्यांची वाट कोणती, हे गाव नकाशावर उतरवावे आणि ग्रामसभेत वाचून दाखवावे. यंदाच्या पावसाळी लागवडीचे खड्डे खणण्याआधी आणि गायरानाच्या पुढच्या वाटपाआधी जिल्हाधिकाऱ्यांनी हे काम करून घ्यावे आणि तोवर नकाशात आलेल्या माळावर ना खड्डा, ना खांब असे आदेश द्यावेत, अशी आपल्या वृत्तपत्राच्या माध्यमातून विनंती आहे.

कळावे.

आपला,
एक कोरडवाहू शेतकरी,
उत्तर सोलापूर तालुका, जि. सोलापूर